उरल्या तुकड्यांचा सदरा

...नाही, मला सांगा, पडद्याची विजार घातली मी, गादीच्या खोळीची बंडी घातली, काही बोललो? छत्रीच्या कापडाची टोपी घालून चर्चला गेलो! आमची बायको आफ्रिये शिवते, मी घालतो, संसार म्हणजे दुसरं काय असतं? पण मुलासाठी मुलगी मागायला निघालो, तर म्हणे हा सदरा घाला. काळ्यापांढऱ्या नक्षीचा, मामपाँग गावच्या शिंप्याच्या मशीनखालचे तुकडे वेचून जोडलेला! मी म्हटलं, अगं, सोयरे काय म्हणतील? तर म्हणाली, "कापड चांगलंय हो." आता कापड चांगलं होतं, ते मान्य.

मागणी घालताना मुलीच्या बापाला द्यायची जिनची बाटली काखेत घेऊन त्यांच्या गावात वडापातून उतरलो आणि बघतो तर काय... रस्त्यात मांडव, कुणाचं तरी मयत, आणि मांडवातल्या झाडून सगळ्यांच्या अंगावर माझं कापड! अहो, मयताला घरचे सगळे एकाच कापडाचं शिवतात ना, ते तुकडे ह्यांचेच! मी हळूच सटकतोय तोवर एका आत्याबाईंनी दंड धरला, किती रे उशीर म्हणत थेट घरच्यांच्या रांगेत बसवलं. उठणार कसा? समोरून माणसं येतायत, एकेकाचा हात हातात घेतायत, मधूनच उठून जायला मी काय निर्लज्ज? बाटलीही कुणी काढून घेतली, नाव विचारलं, भोंग्यावर देणगी म्हणून पुकारलं आणि गेलेल्या म्हाताऱ्याच्या नावानं जमिनीवर ओतून मोकळे! माझ्या मुलाची मागणी मातीत!

तिकडे मुलीचा बाप वाट बघतोय. सांगून आला नाही म्हणजे सोयरीक मोडली समजायचं, आणि पोरानं तर तिच्यापायी जेवण टाकलेलं! तेवढ्यात आत्याबाई रडायला लागल्या, आणि तुम्हाला सांगतो, मलाही रडू आलं... खरंखुरं. बाहीनं डोळे टिपले. पाणी लगेच टिपलं हो, कापड चांगलंच होतं.

मग हात मिळवायला कोण यावं? मुलीचा बाप, न्यार्को! म्हणाले, तुम्ही ह्यांचे कोण? खोटं बोलणार होतो, देवाशप्पथ, पण आत्याबाई ऐकत होत्या. सांगितलं सगळं... बायको, तुकडे, बाटली. मला वाटलं, संपलं.

"माझे सख्खे भाचे मागे बिअर पीत बसलेत," आत्याबाई म्हणाल्या. "हा सकाळपासून हलला नाही."

न्यार्कोंनी सदऱ्याची शिवण बोटानं चाचपली. "इतकं जोडून घेणारी सासू असेल, तर मुलगी दिली."

घरी येऊन आफ्रियेला सांगितलं. तिनं डोळे पुसले, देवाचे आभार मानले आणि दुसऱ्या श्वासाला म्हणते कशी, "एवढ्या माणसांचं शिवलं, म्हणजे शिंप्याकडे अजून तुकडे असतील हो."

मी पिशवी पुढे केली. येताना मामपाँगला उतरलो होतो मी.