चौथा टेक

—नाही हो, डिंक डोळ्यात नाही गेला. तुम्ही लावा खुशाल दाढी, मॉरीनबाई. पाणी असंच येतंय. झोप झाली नाही, दुसरं काही नाही. माझ्यानंतर तुमच्या कागदावर कोण आहे आज? गेथिन प्रोसर ना? पाद्रीबाबा. दोन वाक्यांचं काम— एक ‘देव तुमचं भलं करो’ आणि दुसरं ‘घोडागाडी आली’. बघा, त्याची वाक्यं मला पाठ आहेत आणि माझी स्वतःची आठवत नाहीत. ओळखता का म्हणून काय विचारता! तीन वर्षं एका खोलीत काढली आम्ही, लंडनला, लुइशममध्ये. एकच हीटर, तोही त्याच्या पलंगाकडे तोंड केलेला, आणि हा वेल्सचा गडी मी झोपलो की तो माझ्याकडे वळवून ठेवायचा. मी जागाच असायचो. कधी बोललो नाही.

परवा पेपरात आलं होतं ना माझ्यावर— पबच्या माडीवरच्या नाटकातून सुरुवात, मग सिनेमा, मग मोठ्या थिएटरात शंभर प्रयोग, आता ही मालिका, आणि वय अवघं अठ्ठावीस. पायरी पायरीनं वर चढलेला मुलगा म्हणे! ती पबची माडी तरी मला कुणी दाखवली? गेथिननं. चाळीस खुर्च्या, खाली ग्लासांचा खणखणाट, फुटबॉलचा गोल झाला की वर आमची तलवारबाजी थांबायची. आणि हा पठ्ठ्या असा उभा राहायचा की खालचे लोक बिअर घेऊन जिन्यात येऊन थांबत. माझ्यासाठी कुणी जिना चढलं नाही. आजही नाही. आता तिकिटं काढून येतात, ते वेगळं.

हनुवटी वर? हं.

तुम्हाला टेपचं माहीत नसेल. तुमच्याकडे आम्ही येतो ते काम मिळाल्यावर. त्याआधी काय काय करतो ते देवालाच ठाऊक. घरातच भिंतीला निळी चादर लावायची, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत, तिच्यावर फोन, आणि दिलेल्या प्रसंगाचं काम करून, ते चित्रण नट निवडणाऱ्यांना पाठवायचं. समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी फोनच्या मागं उभं राहून वाचायची— मित्र, बायको, शेजारीण, जे सापडेल ते. तो वाचणारा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. आणि त्यानं सपाट वाचायचं असतं. किराणामालाची यादी वाचतात तसं. हा आमच्यातला अलिखित नियम आहे, बाई, कारण टेप दुसऱ्याची असते. ज्याची टेप त्याचा दिवस.

सिनेमातली धाकट्या भावाची भूमिका होती. टेप गेथिनची. मला बोलावणंच नव्हतं. मी मोठ्या भावाची वाक्यं वाचायला उभा. पहिला टेक मी नियमानं वाचला. दुसऱ्यात जरा रंग भरला. तिसऱ्यात— आता तुमच्यापासून काय लपवू— तिसऱ्यात मी सगळं ओतलं. आवाज फोडला, हुंदका दिला, वाक्यापूर्वी असा श्वास घेतला की तो फोनमध्ये नीट जावा. गेथिन बिचारा गोंधळला, मागं पडला. वर मलाच म्हणतो, ‘काय वाचलंस रे!’

मग चौथा. खाली कचऱ्याची गाडी आली, ऐन त्याच्या शेवटच्या वाक्यावर. दुसरा कुणी शिवी घालून थांबला असता. हा थांबला, पण भूमिकेतच. गाडी जाईपर्यंत भावाकडे— म्हणजे माझ्याकडे— नुसता बघत राहिला, आणि मग ते वाक्य इतकं हळू म्हणाला, की मी माझं पुढचं वाचायलाच विसरलो. असं काम मी तेव्हाही केलं नव्हतं आणि अजून केलेलं नाही. हे खोटं नम्रपण नव्हे हो. मला कळतं काम कशाला म्हणतात. तेवढंच तर कळतं.

त्याला कॅफेत कामावर पळायचं होतं. ‘तूच बघ आणि चांगला असेल तो पाठव,’ म्हणाला, कोट अंगावर चढवत. मी म्हटलं, ‘चौथा वाया गेला रे, गाडीचा आवाज आलाय. तिसरा पाठवतो.’ ‘बरं,’ म्हणाला. एवढंच. बरं!

तिसऱ्या दिवशी फोन. नट निवडणाऱ्या बाईंनी विचारलं, वाचणारा कोण आहे? त्याला बोलवा.

आणि हा रागावला नाही हो! रागावला असता तर मी सुटलो असतो. म्हणाला, ‘जा गाढवा, दोघांपैकी एकाचं तरी होऊ दे.’ माझा शर्ट इस्त्री करून दिला— त्याच टेबलावर. भूमिका मला मिळाली. पुढं दोन वर्षांनी तो सामान बांधून घरी गेला. आता तिकडं शाळेत पोरांची नाटकं बसवतो.

आवाज? कुठला आवाज? चौथ्या टेकमधला? तोच तर प्रश्न आहे, बाई. गाडी येते, जाते, त्यानंतर सगळं स्वच्छ ऐकू येतं. फोन तीनदा बदलला मी, तो टेक प्रत्येक फोनात नेला. पुसवत नाही आणि धड बघवतही नाही.

इथं त्याला मीच आणला, हो. कुणाकुणाला सांगत फिरलो, मित्राला काम दिलं म्हणून. तेव्हा या मालिकेत जमीनदाराच्या मुलाची भूमिका रिकामी होती— मोठी, आठही भागांत. निर्मात्यानं मला विचारलं, कुणी आहे का तुझ्या डोळ्यासमोर? होता. पण मी त्याच्यासाठी पाद्री सुचवला. एवढं माझं मोठं मन! आणि तो काल फोनवर म्हणतो, ‘तुझे उपकार कसे फेडू?’ शाळेतून रजा काढून आलाय, एका दिवसाची.

आता तो तुमच्या याच खुर्चीत बसेल. तुम्ही त्याच्या तोंडाला पावडर लावाल, इकडचं तिकडचं बोलाल. तर बोलता बोलता... सहज... तुम्ही सांगाल का त्याला? म्हणजे मी सांगायला नको असं नाही, पण परक्याच्या तोंडून ऐकलं तर त्याला कमी लागेल. असं काय बघता? बरं. मला कमी लागेल. झालं? म्हणूनच तुम्हाला सांगत बसलो मघापासून. ब्रश का खाली ठेवलात? अहो, अर्धीच लागलीय दाढी—

कोण? ये, ये गेथ! अरे, हळू, मिठी नको, गाल ओला आहे. हा डबा कसला? आईनं? माझ्यासाठी? कशाला पण तिनं... नाही रे, मी काही नाही केलं. गेथ, थांब, आभार नको मानूस. नको म्हणतो ना! बस. असा समोर बस.

मॉरीनबाई, तुम्ही जरा बाहेर जा. नाही, चहा नको. दार लावून घ्या.