खडूची खूण

आमचं घर शिंप्यांचं बगा. आजोबांच्याही आधीपासून म्हैसुरात, देव विठोबा, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी आणि राग आला की दोन्ही. तुमची मराठी पुण्याकडची, साफ. माझी ही अशी मिसळलेली, ती तांदळासारखी निवडत बसू नका, हाय तशी लिवा. वडील कोट शिवायचे, थोरला भाऊ ब्लाउज, माझ्या हाताला मात्र सुई कधी बसलीच न्हाई. शाळेलाही दुसरीपर्यंतच गेलो. मास्तरानं कान पिळला, मी पाटी तिथंच ठेवून उठून आलो ते आलोच. आई म्हणाली पांडू, जा, माफी माग, मी म्हणालो चूक केली न्हाई तर माफी कसली. ही गोष्ट मी जन्मभर मिशीला पीळ देऊन सांगितली. आता सांगताना जीभ अडते, का ते पुढं येईल.

मार्केटजवळ एक किराणा दुकान होतं, तिथं पोती उचलायला लागलो. मालकाला आमच्याकडं येजमान म्हणतात. पुढं येजमानांनी दुकान वाढवलं, काउंटर मागं नेला, भिंतभर फळ्या ठोकल्या, गिऱ्हाइकानं हिंडायचं आणि आपल्या हातानं माल घ्यायचा. तेव्हा हे नवंच होतं. आता प्रश्न, फळीवर माल मांडणार कोण? मी मांडला. आता त्याला मर्चंडायझर म्हणतात, पोरं गळ्यात फोटो अडकवून हिंडतात, मला काही नाव नव्हतं. पण काय सांगू तुम्हाला, साबण चहापत्तीजवळ ठेवला की चहाला साबणाचा वास लागतो हे मला कुणी शिकवलं न्हाई. जड डबे खाली, म्हाताऱ्यांच्या वस्तू कमरेच्या उंचीवर, म्हणजे त्यांना वाकायला नको. डब्यांची तोंडं सगळी एका बाजूला, पलटण उभी असल्यासारखी. कंपनीचा एकजण आला, म्हणाला आमचं तेल डोळ्यासमोर ठेवा, तुम्हाला घड्याळ देतो. मी म्हणालो घड्याळ तुम्हीच घाला, तुमची निघायची वेळ झाली हाय.

घरचं एकच हत्यार मी दुकानात नेलं, शिंप्याचा खडू. नवा माल आला की प्रत्येक डब्याच्या बुडाला खडूनं खूण करायची, ह्या महिन्याची एक रेघ, पुढच्याची दोन, मग तिरपी, मग फुली. जुनी खूण पुढं, नवी मागं. म्हणजे माल शिळा होणारच न्हाई. तारीख वाचायची गरजच काय? खरं सांगायचं तर वाचता येतच नव्हती. आकडे येतात हो, बसचे नंबर वाचतोच की. पण डब्यावर दोन-दोन तारखा, पुढं इंग्लिश अक्षरं, त्यातली बनवल्याची कुठली आणि संपल्याची कुठली हे कळायचं न्हाई. आणि कुणाला विचारायचं हे माझ्यात नव्हतं.

मंग सरोजा आली. आमच्याच समाजातली, मेटगळ्ळीला राहायची, नवरा तिथल्या कारखान्यात होता तो वारला, पदरात दोन मुली. दहावी पास. येजमानांनी तिला बिलाचं काम दिलं आणि शनिवारी फळ्यांवरच्या तारखा बघून वहीत सही करायची. पहिल्याच शनिवारी आली, म्हणाली पांडण्णा, जरा सरका, तारखा बघते. मी म्हणालो बेडम्मा, नको, माझ्या फळीला हात लावायचा न्हाई, माझा खडू हाय. तर ती हसली, म्हणाली तुमच्या खडूला इंग्लिश येतं काय हो? सगळं दुकान हसलं. तिच्या मनात काही नव्हतं, आता कळतं. तेव्हा माझ्या कानशिलात जाळ झाला. दुसऱ्या दिवशी डब्यात चपात्या आणल्या तिनं, हळूच म्हणाली अण्णा, मी वाचून सांगत जाते, कुणाला कळायचं न्हाई. मी चपातीलाही हात लावला न्हाई. तेव्हापासून दर शनिवारी मीच सांगायचो, सगळं बघितलंय, सही कर. मी वडीलधारा माणूस, माझ्या शब्दावर ती सही करायची.

एकदा बाळांच्या खिरीच्या पिठाचे डबे आले. कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेला माल, पण दुकानात त्या दिवशी आला, माझ्या लेखी नवा. मी ताज्या खुणा केल्या आणि मांडले.

पंधरवड्यानं एक बाई तोच डबा घेऊन आली, बरोबर दीर. लेकराला उलट्या, दवाखान्यात ठेवलेलं. दीर ओरडत होता आणि बाई नुसती उभी होती, तिचा पदर ओला होता. डबा काउंटरवर उलटा ठेवला. बुडाला माझी रेघ, पांढरीफेक. येजमानांनी तारीख वाचली, तीन महिने उलटून गेलेली. कुणी बघितलं म्हणून विचारलं. वही काढली. सही सरोजाची.

तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मी साबणाच्या वड्या सारख्या करत राहिलो. सारख्याच होत्या त्या. मला एवढंच म्हणायचं होतं, येजमान, तिनं न्हाई, मी, मला वाचता येत न्हाई. दुकानभर माणसं होती. मी वड्या सारख्या करत राहिलो.

येजमान तिला म्हणाले उद्यापासून येऊ नकोस. तिनं जेवणाच्या डब्याची पिशवी घेतली, छत्री घेतली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली बर्तीनि अण्णा, येते म्हणून.

लेकरू बरं झालं, विठोबाची कृपा. पण सरोजाला कुणी बरेच दिवस कामाला ठेवलं न्हाई, मंग घरीच शिवण करायला लागली असं कळलं. एकादशीला ती आमच्या देवळात भजनाला यायची, म्हणून मी एकादशीला जायचं सोडलं. लोकांना म्हणालो गुडघे दुखतात. काम सोडलं तेव्हा येजमानांनी शाल दिली, डोक्यावर म्हैसूर पेटा घातला, चारचौघांत म्हणाले पांडण्णाच्या फळीवर कधी चूक झाली न्हाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो पेटा मी घरी आल्यावर पेटीत टाकला, पुन्हा काढला न्हाई.

आता बायको गेली, सून चांगली हाय, गोकुलम भागातल्या मोठ्या दुकानात नेते. तिथं अजून हात आपसूक डबे सरळ करतो. परवा मी एक डबा उचलला आणि सुनेला म्हणालो, अगं, ह्यातली संपायची तारीख कुठली? ती म्हणाली मामंजी, तुम्हाला माहीत न्हाई? तीस वर्षं हेच केलंत ना? मी न्हाई म्हणालो. न्हाई म्हणायला एवढी वर्षं लागली बगा, आणि तेही भलत्याच माणसापुढं.

म्हणून तुम्हाला बोलावलं. एवढं लिवून द्या, छापा किंवा नका छापू. माझं नाव घाला, साबणाच्या वड्यांचंही घाला, ते गाळू नका. ह्या एकादशीला मी देवळात जाणार हाय. सरोजा अजून येते म्हणतात, पुढच्या खांबापाशी बसते. शाळेत कानडीबरोबर हिंदी शिकलेली हाय, मराठीची ही अक्षरं तीच, तिला येतात. कागद तिच्या हातात देईन आणि म्हणेन, सरोजा, मला वाचता येत न्हाई, तू वाचून दाखव. तेवढंच म्हणायचं हाय, रोज आंघोळीला घोकतो. मंग तिनं कागद फाडला तरी तिचा हक्क हाय.

तुमचं भलं होवो, एवढा वेळ बसलात. आणि अक्षर जरा मोठं काढा. तिलाही आता चष्मा लागला असेल.