मॅडम सहीला कधी येतील?

...आणि वर मला विचारतो, ‘सर, मॅडम सहीला कधी येतील?’

म्हणजे बघा, मी त्याच्यासमोर बसलोय, माझ्या हातात महापालिकेचा मृत्यूचा दाखला आहे, ह्याच दाखल्याची झेरॉक्स मी त्याला मंगळवारी दिली, शुक्रवारी परत दिली, आज मूळ प्रतच घेऊन आलोय कारण झेरॉक्सवर म्हणे शिक्का नीट उमटत नाही, तो दाखला त्यानं उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला, आणि मग संगणकाकडं बघत हा गृहस्थ मला विचारतो की मॅडम कधी येतील! मी म्हटलं, बाबा, त्या येणार नाहीत. तर म्हणतो, ‘मग व्हिडिओ कॉलवर चालतंय की, सर. नुसती डोळ्यांची उघडझाप करायची असतीय.’

तुम्हाला सांगतो, मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कृष्णा नदी काश्मिरात उगम पावते असं लिहिणारी पोरं मी पाहिलीत, पण कुणावर कधी हात उचलला नाही. त्या दिवशी मात्र माझा उजवा हात मी टेबलाखाली डाव्या हातानं धरून ठेवला होता.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा पांढरा झाला त्याचा. पोरगा वाईट नाही हो, ऋतुराज नाव, फायनान्सच्या टेबलावर बसतो, गळ्यात टाय, पायात सँडल. म्हणाला, ‘सॉरी सर. मला कळतंय की. पण सिस्टीम घेत न्हाय ओ.’

सिस्टीम घेत नाही! ऐकलंत? हे वाक्य मी त्या हायवेवरच्या शोरूममध्ये तीन आठवडे ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, भूगोलाच्या मास्तरला ट्रक कशाला हवा? बरोबर आहे. ट्रक माझा नव्हेच. ट्रक क्रांतीचा. क्रांती म्हणजे माझी बायको, माहेर जयसिंगपूरचं, वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, त्यामुळं हिला लहानपणापासून टायरच्या वासाची सवय. लग्नानंतर दोन वर्षांत तिनं स्वतःच्या नावावर कर्ज काढून ट्रक घेतला आणि शिरोलीतल्या कारखान्याचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, पुण्याला पाठवायला लागली, उन्हाळ्यात चंदगडचा काजू. मी वर्गात नकाशावर रस्ते दाखवत होतो आणि ती त्या रस्त्यांवर गाडी पाठवत होती. घर कुणाच्या रस्त्यावर चाललं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तर यंदा जुनी गाडी थकली म्हणून तिनं नवी बुक केली. मी सोबत होतो, म्हणजे पिशवी धरायला. तिनं त्या सेल्समनला असा पिळला, असा पिळला, की एसीत त्याला घाम फुटला. शेवटी सगळं ठरलं आणि ही पेन खाली ठेवून म्हणते, ‘ताडपत्री फुकट पाहिजे. त्याशिवाय मी सही करत न्हाय.’ कारण एकदा चंदगडहून येताना वळवाच्या पावसात काजू भिजला होता, तेव्हापासून हिचा नियम, गाडी कुठलीही घ्या, ताडपत्री दांडगी पाहिजे. तो म्हणाला, ‘दिली, मॅडम. माझा शब्द.’ आणि त्या शब्दावर हिनं बुकिंगवर सही केली; कर्जाचा अर्ज दोघांच्या नावानं भरला, त्यावरची सही तेवढी राहिली. लेखी घेतलं नाही. धंद्यात तिनं केलेली मला ठाऊक असलेली ही एकच चूक.

जुनी गाडी त्यांनी बदल्यात त्याच दिवशी ओढून नेली. आणि अकराव्या दिवशी क्रांती गेली.

गेली म्हणजे... गेली. सकाळी चहा ठेवला होता, तो मी उतरवला. असो.

तर आता परिस्थिती अशी, की जुनी गाडी त्यांच्या यार्डात, नवी गाडी त्यांच्या अंगणात, आणि आमचा ड्रायव्हर मुनव्वर, एकोणीस वर्षं आमच्याकडं, रोज सकाळी कळंब्याला आमच्या दारात येऊन बसतोय. पगार घेईना. म्हणतो, गाडी न्हाय तर पगार कशाचा? कारखाना महिनाभर थांबला, मग दुसऱ्यांच्या गाड्या लावायला लागला. म्हटलं, आपण फायनान्सचं तेवढं उरकू. किती वेळ लागतोय?

पहिलीच पायरी. ऋतुराजनं दोघांच्या नावानं बघितलं, कर्ज फेडण्याबद्दल माणसाला मार्क असतात म्हणे. क्रांतीला आठशे बारा. पोरगा खुर्चीतून अर्धा उठला, म्हणाला, असे मार्क मी टेबलावर कधी बघितले नाहीत. आणि माझे? माझे उणे एक. शून्य नाही, उणे एक! का, तर मी आयुष्यात कुणाचं कर्जच घेतलं नाही. म्हणजे ज्यानं कधी कुणाचा रुपया बुडवला नाही, कारण घेतलाच नाही, तो शून्याच्याही खाली, आणि जी आता कुठलाच हप्ता भरू शकत नाही, तिला द्यायला कंपनी एका पायावर तयार. तिचा फोन माझ्याकडं असतो, रोज चार्ज करतो, का ते विचारू नका, त्याच्यावर त्याच कंपनीचे संदेश येतात, प्रिय क्रांती, आपल्यासाठी कर्ज मंजूर आहे. आणि मी जिवंत, त्यांच्यासमोर बसलोय, तर सिस्टीम घेत नाही!

मी म्हटलं, मृत असं लिहायची काही सोय असेल की नाही? त्यानं संगणक माझ्याकडं वळवला. अर्जदार हजर नसल्याचं कारण. खाली चार पर्याय. आजारी, परदेशी, परगावी, इतर. म्हटलं, इतर दाब. दाबला. तर सिस्टीम विचारते, अर्जदार परत कधी येणार, तारीख टाका.

ऋतुराज हळूच म्हणाला, ‘सर, तात्पुरतं परगावी टाकू का?’

मी उठून बाहेर आलो. त्या शोरूमच्या दारात अर्धा तास हायवे बघत उभा राहिलो. परगावी! एकतीस वर्षं गावं शिकवली मी, हे कुठलं गाव?

परत आत गेलो, जाणार कुठं? तर आता विमा. कर्ज घेणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांवर बोजा नको म्हणून विमा घ्यावाच लागतोय, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची मान खाली गेली, बिचारा. रक्तदाब विचारला, साखर विचारली, मग फॉर्म पुढं केला, वारसाचं नाव लिहा. आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं ज्या रकान्यात आपण एकच नाव लिहीत आलो, तिथं हात काय विचार करून लिहितो? त्यानं फॉर्म घेतला, वाचला. मग नवा कोरा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. म्हणाला, ‘सिस्टीम घेत न्हाय, सर.’ मुलीचं नाव लिहिलं. अनुजा. पुण्याला असते.

मग त्यानं सरळ मार्ग सांगितला. फायलीतून मॅडमचं नाव काढायचं, तुमच्या एकट्याच्या नावानं चढवायचं, जामीनदार द्यायचा, चार दिवसांत गाडी दारात. त्यासाठी एक कागद. एकच ओळ. वरील अर्जदाराचे नाव वगळण्यास माझी हरकत नाही.

आता बघा, कागद एवढासा. सही करायला किती वेळ लागतो? मी तो घडी करून खिशात ठेवला, घरी आलो, आणि अठरा दिवस तो माझ्या खिशात होता. सदरा बदलला की ह्या खिशातून त्या खिशात. रोज शोरूमला जायचो, रोज ऋतुराजला झापायचो, तुमच्या सिस्टीममध्ये असं आणि तुमच्या सिस्टीममध्ये तसं, आणि तो पोरगा मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. एकदाही म्हणाला नाही, की सर, कागद तुमच्याच खिशात आहे.

हरकत नाही म्हणे. मला होती हरकत.

एकोणिसाव्या दिवशी मुनव्वर आला, बसला नाही, उभाच राहिला. जयसिंगपूरच्या एका मालकानं बोलावलं होतं त्याला, सोमवारपासून. मी म्हटलं, जा बाबा, मी अडवत नाही. तो गेला नाही. चपलेकडं बघत म्हणाला, ‘सर, कागदावरनं नाव काढलं म्हणून वहिनी गाडीतनं उतरत्यात व्हय?’

मी त्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. खरंच सांगतो, टेबल चार पावलांवर होतं.

पुढं सगळं भराभर. धंद्यातला जामीनदार पाहिजे होता, ज्याचे हप्ते कधी चुकले नाहीत असा. माझ्या ओळखीतले सगळे मास्तर! तर मुनव्वर बाहेर बाकावर बसला होता, तो म्हणाला, माझ्या नावावर एक टेंपो हाय, भाऊ चालवतोय, बघा की चालतंय का. क्रांतीनंच घ्यायला लावला होता. बघितलं. सातशे एक्क्याऐंशी! ऋतुराज ताडकन उभा राहिला, ‘या साहेब, बसा साहेब,’ आणि मशीनमधली कॉफी आली. तीन आठवडे मी तिथं बसलो, मला कागदी पेल्यात पाणी. ड्रायव्हर मालकाला जामीन राहिला आणि मालक कडेला उभा राहून बघत राहिला, आणि आमचा मुनव्वर कॉफीचा पेला माझ्याकडं सरकवतोय, ‘सर, तुमी बसा की, सर, तुमी बसा की.’

गाडी मिळाली. नारळ फुटला, दाराएवढी पुठ्ठ्याची किल्ली आणली, फोटोवाला म्हणाला, फॅमिली या सगळी पुढं. मी आणि मुनव्वर पुढं झालो, एका टोकाला तो, एका टोकाला मी.

निघताना मी सेल्समनला म्हटलं, ताडपत्री? त्यानं फाईल चाळली. म्हणाला, ‘कुणाला कबूल केलती, सर?’ म्हटलं, मॅडमना. तो म्हणाला, ‘मॅडमचं नाव तर तुमीच काढलंय.’

ताडपत्रीविनाच गाडी घरी आणली.

संध्याकाळी क्रांतीच्या फोनवर संदेश. प्रिय क्रांती, नव्या वाहनाबद्दल अभिनंदन, आमच्या सेवेला किती तारे द्याल? म्हणजे फायलीतून काढली, पण तारे मागायला आहेच ती! मी विचार केला, तिनं काय केलं असतं? एक दाबला. खाली कारण विचारलं होतं, लिहिलं, ताडपत्री.

तिसऱ्या दिवशी दारात टेंपो. नवी कोरी ताडपत्री, दांडगी, दोन माणसांनी उचलावी अशी. पोरगं उतरलं, हातात ते सहीचं मशीन, म्हणतंय, ‘क्रांती मॅडम हायत का? त्यांचीच सही लागतीय, न्हायतर परत न्यावी लागल.’

मी दारात उभा. मुनव्वर माझ्याकडं बघतोय. आत टेबलावर दाखल्याच्या सात झेरॉक्स पडल्यात.

मी म्हटलं, ‘परगावी गेल्यात.’

त्यानं मशीनवर काहीतरी दाबलं, आणि तुम्हाला सांगतो... पहिल्या फटक्यात घेतलं.