एक मॅच, पाच गोल, आणि मुहर्रकचा सत्कार

नाही, पण मला एक सांगा, इंग्लंडचा गोलकीपर म्हणजे इंग्लंडच्या टीमचा गोलकीपर, असं ठरवलं कोणी? माणूस इंग्लंडचा, होता गोलकीपर, खलास! पण आमचे पांडुरंगकाका, इथल्या आखातातल्या आमच्या फुटबॉल टूर्नामेंटचे सेक्रेटरी, मूळचे राजापूरचे, त्यांनी हे ऐकलं आणि थेट बॅनर छापून आणला... ‘प्रमुख पाहुणे : इंग्लंड संघाचे महान गोलरक्षक’! आता घ्या!

तुम्हाला सांगतो, बॅनर बघून श्रावस्ती तरातरा काकांना शोधत आली. श्रावस्ती म्हणजे आमची अकोल्याची नर्स हो, तिकडे अमवाजला, पुलापलीकडच्या बेटावर, ग्रिंडले साहेबांना, म्हणजे त्याच गोलकीपरांना, सांभाळते. साहेब नव्वदीच्या पार, व्हीलचेअरवर, लेकीकडे राहतात. बायको गेल्यापासून बोलणं नाही, हसणं नाही, रडणं नाही. लेक म्हणते, डॅड, सूप? हं. डॅड, समुद्र बघू या? हं. घरात नातवंडं नाचोत, टीव्हीवर भूकंप होवो... म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही!

आणि या बाईचं तरी काय वेगळं? मध्यंतरी अकोल्याला तिचे वडील गेले. नेमकी साहेबांची लेक लंडनला, म्हाताऱ्याजवळ दुसरं कोणी नाही, मग जाणार कशी? सगळं मोबाइलवर बघितलं. बुद्धवंदना झाली, माती झाली. मोबाइल ठेवला आणि साहेबांना गोळ्या द्यायला गेली. रडली? छे! मी, त्यांची ने-आण करणारा गाडीवाला, विचारलं, ताई, बरी आहेस ना? तर म्हणे, “हो. काहीच वाटत नाही ना, दादा.” हिच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही!

तर तिला साहेबांची कारकीर्द लेकीकडून ठाऊक होती. काय कारकीर्द, अहो! पंचावन्न-छप्पनचं साल, गिरण्यांचं गाव, तिथला क्लब, आणि हे त्या क्लबचे दोन नंबरचे गोलकीपर. एक नंबरचा कसा? तर कधी आजारीच पडेना! थंडी नाही, ताप नाही, गडी ठणठणीत! हे आपले वर्षानुवर्षं राखीव संघाच्या रिकाम्या मैदानात उभे. शेवटी एकदाचं त्याला गालगुंड झालं. यल्ला, चला! साहेब मैदानात! आणि पहिल्या अर्ध्यातच गोल, गोल, गोल, गोल... चार! पाचवा तर विचारूच नका. त्या काळी गोलकीपरला खांद्यानं धडक मारायला परवानगी होती म्हणे. एका रेड्यासारख्या गड्यानं साहेबांना चेंडूसकट जाळ्यात नेऊन बसवलं. गळपट्टीचं हाड मोडलं, आणि रेफरी म्हणतो, गोल! बरं, बदली खेळाडू आत यायची सोय तेव्हा नव्हती. कॅप्टन म्हणाला, “हात गळ्यात बांध आणि जा तिकडे टोकाला उभा राहा, तेवढाच आकडा भरेल.” हे उभे राहिले. आणि कुठूनसा चेंडू आला, यांच्या कपाळावर आपटला आणि समोरच्या गोलात! पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. संपली कारकीर्द.

श्रावस्ती काकांना म्हणाली, “काका, हे काय छापून ठेवलं तुम्ही? ते इंग्लंडच्या टीममध्ये कधी नव्हते.” काका म्हणाले, “गो बाय, बॅनर टांगून झालो! आता कोण विचारता?”

झालं! शुक्रवारची संध्याकाळ, मुहर्रकचं मैदान, फायनल संपलेली. काकांनी माइक साहेबांच्या तोंडाशी धरला. साहेब इंग्रजीत म्हणाले, “मी एकच मॅच खेळलो. पाच गोल खाल्ले. एक मारला.” आणि काकांनी केलं हिंदी! “साहब बोल रहे हैं, एक ही मॅच में पाँच गोल रोके, और एक खुद मारा!” टाळ्या, शिट्ट्या, अहो कोणी ढोल बडवला! म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

पण श्रावस्तीला काय झालं कोण जाणे. उठली, माइक घेतला. “नहीं. रोके नहीं. पाँच गोल खाए थे. हड्डी टूटी, फिर भी आखिर तक खड़े रहे. वही एक मॅच था.” पुढची रांग फिस्सकन हसली, ढोल थांबला. काका कपाळाला हात लावून, “खलास केलंन गो पोरीन!”

तेवढ्यात हरलेल्या टीमचा गोलकीपर उठला, बासित, एअरपोर्टवर सामान चढवतो. अजून ग्लोव्ह्ज काढले नव्हते. व्हीलचेअरपाशी जमिनीवरच बसला. “सर, मैंने आज सात खाए. आपको उस रात कैसा लगा था?” श्रावस्तीनं इंग्रजीत विचारलं. साहेबांनी बराच वेळ त्याच्या ग्लोव्ह्जकडे बघितलं. म्हणाले, “काहीच नाही. घरी गेलो, जेवलो, झोपलो. आमचा ट्रेनर म्हणायचा, लगेच काही वाटत नाही, पोरा. नंतर येतं ते.” बासितला बरं वाटलं बहुतेक. साहेबांचा हात कपाळाला लावून गेला, बिर्याणीच्या रांगेत उभा राहिला.

परत निघालो. गाडी माझीच, मागे ही दोघं. अमवाजचा पूल आला, दोन्हीकडे पाणी. आणि श्रावस्तीनं हळूच विचारलं, “सर, माझे बाबा गेले, मला अजून रडू आलं नाही. ते नंतर येतं म्हणालात ना... नंतर म्हणजे कधी?”

मी आरशात बघतोय. म्हाताऱ्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला, थोपटला, आणि म्हणाला,

“मलाही तेच विचारायचं होतं गं. पण तो ट्रेनर कधीच वारला.”