देवरावांच्या मोटारीतला लाल दिवा

नागपूर, ता. ११ मार्च १९७४

माझे नाव गणपत लहानूजी वासनिक, वय ५१ वर्षे, धंदा शिलाईकाम, राहणार महाल, नागपूर. आज ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

देवराव बोरकर हे माझे शेजारी असून आमची लहानपणापासून दोस्ती आहे. गेल्या वर्षी त्यांनी जुनी मोटार घेतली. काही बिघडले की आम्ही दोघे अंगणातच खोलून पाहत असू. मिस्त्रीकडे जाणे त्यांना आवडत नसे.

मागील महिन्यात गाडी चालू असताना बॅटरीचा लाल दिवा विझेना. आम्ही बॅटरीची टोके गरम पाण्याने धुतली, वायरी हलवून पाहिल्या. दिवा तसाच. देवराव म्हणाले, "वायर कुठं तरी लागून राहिली गा." मी म्हणालो, "मंग बल्बच काढून टाक ना. काहून डोक्याले ताप?" त्यांनी बल्ब काढला. पंख्याचा पट्टा सैल झाला होता, तिकडे आमचे लक्ष गेले नाही. बॅटरी भरणारा डायनॅमो आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप, दोन्ही त्याच पट्ट्यावर फिरतात, हे मला नंतर कळले.

पुढच्या रविवारी देवरावांच्या मुलीसाठी मुलगा पाहायला आम्ही दोघे रामटेककडे निघालो. कामठीच्या पुढे पट्टा तुटला. दिवा नसल्याने समजले नाही. बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा गाडी थांबवली. मी पाण्याचा डबा घेऊन वाकलो होतो. देवरावांनी फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी माझ्या तोंडावर उडाले. त्यांनीच ट्रक थांबवून मला दवाखान्यात आणले. वाटभर माझा हात धरून होते.

उजव्या डोळ्याने आता दिसत नाही. सुईत दोरा पत्नी ओवून देते.

दवाखान्यात देवरावांची पत्नी रुखमाबाई डबा आणत. देवराव फाटकाशी उभे आहेत, असे त्या सांगत. मी निरोप धाडला, पण ते आत आले नाहीत. मी घरी आल्यापासून त्यांचे दार लावलेले असते. मुलीच्या सोयरिकीचे बोलणेही त्यांनी सोडून दिले.

तक्रार आहे काय, असे हवालदारांनी विचारले. माझी देवरावांविरुद्ध काही तक्रार नाही. बल्ब काढायला मीच म्हटले होते. हे मी त्यांच्या दाराबाहेरून सांगितले. त्यांनी ऐकले की नाही, माहीत नाही. ठाण्याने बोलावले तर त्यांना यावेच लागेल. तरी त्यांना बोलवावे व हा जबाब त्यांच्यासमोर वाचावा, ही विनंती. तोवर मी बाहेरच्या बाकावर बसतो.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

गणपत लहानूजी वासनिक