कालव्याच्या पुलावर अडकलेला जयंता

जानेवारी २००६ मधला रविवार. दाट धुकं, बोचरी थंडी. माझा मित्र जयंता आणि मी सायकलींवर सायखेड्याकडे निघालो होतो. त्याच्या नव्या पेडलमध्ये बुटाचा तळ खटकन अडकायचा आणि टाच बाहेर वळवल्याशिवाय सुटायचा नाही. माझं पेडल साधं, पायात चपला.

“साध्या पेडलवर निम्मी ताकद वाया जाते रे,” तो वाटभर सांगत होता.

कालव्याच्या अरुंद पुलावर समोरून अंत्ययात्रा आली. मी पाय टेकून उतरलो. जयंताने ब्रेक दाबला आणि पाय सोडवायच्या आधी सवयीने हात जोडले. तो सायकलीसकट पुलावर आडवा झाला. रस्ता अडला, तिरडी थांबली.

“पाव्हणं, उठा. तिरडी मधीच खाली ठेवता येत नाय,” पुढचा म्हातारा म्हणाला.

जयंताला उठता येईना. मी बुटाला हात लावला, तर तो कळवळला.

“पाय कशात गुतलाय?” म्हाताऱ्याने मला विचारलं.

“पेडलमध्ये. मुद्दाम अडकवलेला असतो.”

“मुद्दाम?” म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. खांदेकरी अवघडले होते. “मग सायकलीसकट उचला. चौघं या.”

मागून चौघे आले. उचलताना एकजण पुटपुटला, “आमचे आप्पा याच्यापरीस हलके हायेत.”

जयंताला कडेच्या गवतात ठेवून तिरडी पुढे गेली. मी त्याला कांद्याच्या टेम्पोतून तसाच दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी डावा बूट कापून पाय बाहेर काढला. घोटा दोन ठिकाणी मोडला होता. बुटाचा तळ पेडलमध्येच राहिला.