फ्रेंचांची शिकवणी

तुम्ही मला काटेकोर म्हणता, म्हणून सांगतो. एम.ए. करताना मी नागापूरच्या एका कारखान्यातील दत्तूभाऊंना फ्रेंच शिकवत असे. परीक्षा उत्तीर्ण झाले, तरच कंपनी त्यांना प्रशिक्षणासाठी फ्रान्सला पाठवणार होती. 'दों' (ज्याच्याविषयी) आणि 'क' (ज्याला) ही दोन्ही संबंधी सर्वनामे; परंतु कितीही समजावले, तरी 'दों'च्या जागी ते हटकून 'क' लिहीत.

"सर, 'क' लिवलं तर तिथं कुनाला कळनार न्हाई का?"

"कळेल. परंतु ते अशुद्ध ठरेल."

"कळतंय ना, मग झालं की."

कसेबसे उत्तीर्ण होऊन ते गेले. परतल्यावर माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "सर, तिथले मिस्त्रीबी 'क'च म्हनत्यात. एकदा जाऊन त्येंना शिकवून या."

माझ्याकडे पासपोर्टही नव्हता.